दिवंगतांच्या डब्यातलं निळं बटण

ता. ४ मार्च, बुधवार

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार. इथे आम्ही सगळे बरे आहोत. तुझीही तब्येत ठणठणीत असावी.

तुझं कार्ड काल मिळालं. इतकी वर्षं लोटली, तरी मजकूर वाचायच्या आधीच अक्षर ओळखलं. ‘र’ला अजून शेपटी काढतेस. त्या शेपटीपायी बाईंनी तुला किती ओळी पुन्हा लिहायला लावल्या होत्या! बाई गेल्या, शेपटी राहिली.

तू चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतेस हे मला नवीनच. शिबिरासाठी अठराला येणार, आठ दिवस इथल्या शाळेत मुक्काम, हे वाचून बरं वाटलं. पुढे तू लिहिलंस, ‘एका दुपारी चहाला येते. उत्तर नाही आलं तरी येते. मागच्यासारखी वाट बघत बसणार नाही.’ म्हणून घाईने हे लिहायला बसले.

मागचं म्हणतेस ते पत्र मला बहुधा मिळालंच नाही. टपालाचं काय खरं असतं.

आता तुझ्या येण्याचं. त्याचं असं आहे, की सासूबाई गेली सहा वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. नव्वदी उलटली. त्यांची कॉट पुढच्या खोलीतच आहे, तेव्हा पाहुण्याला बसवायला जागा म्हणशील तर नाही. शिवाय छताला ओल आली आहे आणि गवंडी कधी उगवेल याचा नेम नाही. शिवाय माझे गुडघे. शिवाय ह्यांना दुपारची झोप लागते. तुला वाटेल, ही कारणांची माळ ओवते आहे. तर तसं नाही. सगळी खरी आहेत, एकदम आली इतकंच.

तेव्हा या खेपेला राहू दे. पुढच्या खेपेला अगदी हक्काने ये. राग मानू नकोस.

कागद पाठकोरा आहे आणि पाकीट जुनंच उलटवून चिकटवलं आहे. तू हसशील. सवय जात नाही.

तुझी,
बालमैत्रीण

ता. क. आणि गुरुवारी तर मुळीच येऊ नकोस.


ता. १० मार्च, मंगळवार

प्रिय टिटवी,

तुझं दुसरं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. ‘गुरुवारी काय असतं?’ जागेची किती ती उधळपट्टी. मी तेवढ्यात महिन्याची खबरबात बसवली असती.

पण ओळ वाचून हसू आलं, खोटं कशाला सांगू. वर्गातही तू अशीच होतीस. बाकीच्या मुली धडाभर ऐकायच्या आणि तू नेमकं बाईंनी न सांगितलेलं विचारायचीस. टिटवी हे नाव बाईंनीच ठेवलं, सगळं निजलेलं असताना ओरडते म्हणून. आणि मी मुंगी, खडूचे तुकडेसुद्धा साठवते म्हणून.

बाकी कारणांबद्दल तू काही विचारलं नाहीस. त्यावरून तुला ती पटली नाहीत हे मला कळलं.

गुरुवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे प्रार्थना असते. सात बायका येतात. सासूबाईंनीच ही बैठक सुरू केली, आता त्या उठू शकत नाहीत म्हणून त्यांच्या कॉटभोवती आम्ही खुर्च्या मांडतो. प्रार्थनेची वही माझ्याकडे. डाव्या पानावर हयात माणसांची नावं, उजव्या पानावर दिवंगतांची. मी नाव वाचते, सगळ्याजणी एक श्वासभर गप्प बसतात, मग पुढचं नाव.

आमच्यात एक शिवणवाली आहे. तिला कमी ऐकू येतं. कुणाचं नाव चाललंय ते कळेना, म्हणून दर नावाला ती ‘कोण? कोण गेलं?’ म्हणून ओरडायची आणि जिवंत माणसाचे नातेवाईक दचकायचे. शेवटी तिनेच तोड काढली. तिच्याकडे सुट्या बटणांचा ढीग. प्रत्येक नावाला एक बटण ठरवलं. नाव वाचलं की ते बटण हातोहात फिरतं. हयात माणसाचं बटण मूठ मिटून द्यायचं, म्हणजे त्याला हाताची ऊब लागते. दिवंगताचं उघड्या तळव्यावरून द्यायचं, म्हणजे आपण त्याला धरून ठेवलेलं नाही. फिरून झालं की हयातांचं काचेच्या बरणीत, दिवंगतांचं पत्र्याच्या डब्यात. निवृत्त नर्सबाई आहेत, त्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा बटणं मोजतात, ऑपरेशननंतर कात्र्या मोजतात तशी. एक जरी कमी भरलं तरी कुणाला उठू देत नाहीत.

तुला हा पोरखेळ वाटेल. मला माहीत आहे. तुझ्या पहिल्या कार्डावर कोपऱ्यात होतं ना, ‘मी अजून प्रार्थना करत नाही. तू अजून करतेस का?’ त्याचं उत्तर मी द्यायचं टाळलं. करते. एकही गुरुवार चुकवलेला नाही. थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही नाही.

आठवतं, आपण दोघी पुढच्या बाकावर बसून प्रार्थना सांगायचो? तू उंच स्वरात, मी खालच्या. आणि एक दिवस मधेच थांबून तू बाईंना विचारलंस, ‘आपल्याला काय हवंय ते देवाला आधीच ठाऊक असेल, तर मागायचं कशाला?’ बाईंनी तुला बाहेर उभं केलं. मला वाटलं होतं तू रडत परत येशील. तू परत आलीस ती शांत होऊन. म्हणालीस, ‘बाहेर छान वारा आहे गं, चल.’ मी आले नाही. माझी प्रार्थना अर्धी राहिली होती.

तेव्हापासून मी आत आणि तू बाहेर. देवाने ज्याला जिथे उभं केलं तिथे तो उभा, असं मी म्हणायची. हल्ली म्हणत नाही.

घराचं काय सांगू. दोन खोल्या, मधे पडदा, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची इस्त्रीची गाडी दिसते आणि तिच्यापलीकडे रस्ता वळतो तेवढा. वळणापलीकडे काय काय बदललं ते मी ह्यांच्याकडून ऐकते. सासूबाईंना तासभरही एकटं ठेवता येत नाही, म्हणून सहा वर्षांत मी त्या वळणापर्यंत गेले असेन नसेन. तक्रार नाही. त्या खाटेला बांधलेल्या, मी त्यांना बांधलेली, हे दोघींना दूध आणून देतात.

आता एक सांगायचं राहतं आहे. सांगितलं नाही तर तू टपकशील, आणि सगळ्यांची पाचावर धारण बसेल.

त्या बटणांत एक तुझं आहे. निळं, कोटाचं असतं तसं मोठं, चार भोकांतलं एक फुटलेलं. वहीत तुझं नाव नाही, नुसतं ‘बालमैत्रीण’ असं आहे. ते पत्र्याच्या डब्यात आहे.

अगं, मला कुणीतरी सांगितलं होतं की तू गेलीस. अकरा वर्षांपूर्वी. कोण बोललं ते आता आठवत नाही, पण ऐकलं खरं. मला धक्का बसला. मी उजव्या पानावर नाव घेतलं. तेव्हापासून दर गुरुवारी तुझ्यासाठी सातजणी श्वास धरतात. दरवर्षी एका गुरुवारी मी तुझ्याबद्दल चार शब्द सांगते, तुझ्या आवाजाबद्दल, ‘र’च्या शेपटीबद्दल. शिवणवाली डोळे पुसते. म्हणते, मैत्री असावी तर अशी.

आता या बायकांसमोर तू चालत आलीस तर मी काय सांगू? तूच सांग. चूक माझी नाही, पण तोंड मलाच दाखवायचं आहे. म्हणून म्हणते, येऊ नकोस. मी तुझ्या हिताचंच मागत आले आहे. जिवंत माणसासाठी मागितलं काय आणि मेलेल्यासाठी काय, पोचायचं तिथे पोचतच असेल.

तुझी,
मुंगी


ता. १३ मार्च, शुक्रवार

टिटवी,

मागच्या पत्रावर तुझं उत्तर यायच्या आत हे लिहिते आहे. तुझं उत्तर आलं तर मग माझ्याने लिहवणार नाही.

काल गुरुवार होता. डावं पान झालं, उजवं सुरू झालं. तुझ्या ओळीशी आले. बोट ओळीवर होतं. मी पुढचं नाव वाचलं. नर्सबाईंचं लक्ष कुठलं चुकायला. ‘निळं राहिलं,’ म्हणाल्या, आणि डब्यातून काढून त्यांनी ते फिरवायला दिलं. तळव्यावरून तळव्यावर बटण सासूबाईंपर्यंत आलं. त्यांनी मूठ मिटली.

ही त्यांची जुनी खोड. तुझं बटण त्या नेहमी मूठ मिटूनच पुढे देतात. आम्ही समजायचो, वयामुळे डावं उजवं कळेनासं झालंय. पण काल त्यांनी ते पुढे दिलंच नाही.

नर्सबाई म्हणाल्या, ‘आजी, ते दिवंगतांतलं आहे. तळव्यावर घ्या.’

‘कुठलं कुठं ठेवायचं ते मला शिकवू नकोस,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तुझ्या जन्माआधी बैठक मी सुरू केली.’

मोजणीत एक कमी भरलं. सासूबाईंनी मूठ उघडली नाही. पुढच्या गुरुवारी देईन म्हणाल्या. नर्सबाईंनी वहीत तशी नोंद करायला लावली आणि सगळ्या पांगल्या.

मी खुर्च्या उचलायला लागले. सासूबाई म्हणाल्या, ‘ही कधी येणार आहे?’

मी विचारलं, कोण. तर म्हणाल्या, ‘कार्ड उघडंच असतं. वाचायला डोळे लागतात, परवानगी लागत नाही.’

तुला आमची पुढची खोली माहीत नाही. सासूबाईंची कॉट खिडकीला लागून आहे, आणि पोस्टमन त्या खिडकीतूनच टपाल देतो, जायचं टपालही तिथूनच घेतो. अंथरुणाला खिळायच्या आधीही त्या दिवसभर त्याच खिडकीशी बसलेल्या असायच्या. या घरात आलेलं आणि गेलेलं एकही पत्र असं नाही, जे त्यांच्या हाताखालून गेलं नाही. अकरा वर्षांपूर्वीचं तुझं पत्रही. बंद होतं म्हणून त्यांनी वाचलं नाही, पण शेपटीवालं अक्षर पाहून ठेवलं. ते वाचताना माझा चेहरा पाहिला. दुसऱ्या दिवशी मी पोस्टमनकडून तिकीट मागवलं तेही पाहिलं. तिकीट आलं, पत्र काही गेलं नाही. मग तीन आठवड्यांनी मी बैठकीत सांगितलं की तू ऑपरेशनात गेलीस.

‘मेल्याची बातमीसुद्धा याच खिडकीतून आली असती,’ त्या म्हणाल्या. ‘आली नाही. म्हणून मी मूठ मिटत होते.’

टिटवी, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तू गेलीस हे मीच ठरवलं.

तुझं पत्र मला मिळालं होतं. पाठ आहे. ‘तुमच्या गावातल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन आहे. नंतर आठ दिवस प्रवास करायचा नाही म्हणतात. माझं तिथे तुझ्याशिवाय कुणी नाही. कोपऱ्यात पडून राहीन, तुझ्या प्रार्थनेत मधे बोलणार नाही.’ तू विनोद केला होतास. मला हसायला आलं नाही.

मी स्वतःला सांगितलं, प्रार्थना सोडलेल्या बाईला सासूबाई या छपराखाली घेणार नाहीत. अकरा वर्षं हेच सांगत आले. काल मी ते त्यांना बोलून दाखवलं, की तुम्ही नाहीच म्हणाला असतात.  त्या म्हणाल्या, ‘म्हणाले असते कदाचित. मला ठाऊक नाही. पण न विचारता माझं “नाही” तू अकरा वर्षं वापरलंस.’

 उचललेली खुर्ची तिथेच मांडून मी तिच्यावर बसले.

आता खरं कारण सांगते. 

मला तुझ्या डोळ्यांची भीती वाटली. तू आठ दिवस या घरात पडून राहिली असतीस आणि मला प्रार्थना करताना पाहिलं असतंस. मग एखाद्या दिवशी तू विचारलं असतंस, ‘मुंगे, तू खरंच बोलतेस का त्याच्याशी, की नुसती नावं वाचतेस?’ आणि मी नुसती नावं वाचत होते. तेव्हाच. तुझं पत्र यायच्या कितीतरी आधीपासून. तोंडाने स्तोत्र चाललेलं असायचं आणि मनात उद्याच्या पिठाचा हिशेब. हे बाकी कुणाला कळलं नसतं. तुला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

तुझं नाव आधी डाव्या पानावर होतं. पण हयात माणसासाठी हात जोडले की नंतर उठून त्याच्यासाठी काहीतरी करावं लागतं. पत्र लिहावं लागतं, अंथरूण घालावं लागतं. दिवंगतासाठी नुसतं बसलं की भागतं. मी नाव डाव्याकडून उजवीकडे नेलं. शाई वाळायला लागतो तेवढाच वेळ लागला. रडूही आलं, खरं रडू. त्या रडण्यावर बायकांनी माझी भक्ती जोखली.

आणि मग काय झालं माहीत आहे का? तुझंच नाव तेवढं मी मनापासून वाचायला लागले. बाकीची नावं कोरडी जायची. तुझ्या नावाशी आले की वाटायचं, तो ऐकतो आहे. ऐकतो आहे, कारण त्याला ठाऊक आहे की ही खोटं बोलते आहे. तू विचारलं होतंस ना, त्याला सगळं आधीच ठाऊक असेल तर सांगायचं कशाला. मी अकरा वर्षं दर गुरुवारी त्याच्या तोंडावर सांगत राहिले की तू मेलीस, आणि तो ऐकून घेत राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की तो आहे. नसता तर मला इतकी लाज वाटली नसती.

म्हणजे माझी श्रद्धा म्हणशील तर ती अशी उलट्या दाराने आली. तुला देव नाही, तू वाऱ्याला बाहेर जाऊन उभी राहिलीस. मला तो आहे, म्हणून मला या खोलीतून बाहेर पडता येत नाही. जिथे जाईन तिथे तो आधीच बसलेला असणार, बटणं मोजत.

तू दिवसभर लोकांना भिंगं बदलून विचारत असशील, आता बरं दिसतं की मघाशी? मघाशी बरं दिसत होतं गं. आता स्वच्छ दिसतंय.

ते ऑपरेशन कसलं होतं, ते आठ दिवस तू कुठे काढलेस, कुणी तुला पाणी दिलं, हे तुला विचारायचा मला हक्क नाही. पण विचारते. अकरा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं.

आज सकाळी वेणी घालताना सासूबाईंनी मूठ उघडून बटण माझ्या हातावर ठेवलं. त्यांच्या घामाने ते ओलं झालं होतं. ‘जिचं तिला दे,’ म्हणाल्या.  मग तोंड भिंतीकडे करून, वेणी घट्ट बांधलीस म्हणून कुरकुरल्या.

ते मी या पत्रात ठेवलं आहे. पाकिटावर दोन तिकिटं आहेत. एक जुनं, हिशेबाच्या वहीत अकरा वर्षं दडवून ठेवलेलं. ते तुझ्यासाठीच आणलं होतं. एवढ्याने भागणार नाही म्हणून शेजारी नवीन लावलं आहे. पाकीट या वेळी कोरं आहे, उलटवलेलं नाही.

येत्या गुरुवारी नर्सबाई बटण मागणार. मी स्वतःला ओळखते. ऐन वेळी मी हरवलं म्हणेन. शिवणवाली दुसरं निळं शोधून देईल, आणि सगळं पुन्हा होतं तसं सुरू होईल. म्हणून ते माझ्याजवळ ठेवायचं नाही. तू ये, आणि घेऊन ये. चार वाजता, बायका बसलेल्या असताना. गुरुवारी दाराला कडी नसते. मी तुझं स्वागत करायला उठेन असं वचन देत नाही, कदाचित पाय उचलणार नाहीत. तू आत ये आणि बटण तुझ्या हाताने काचेच्या बरणीत टाक. आवाज होईल. शिवणवालीसुद्धा ऐकेल. ‘कोण?’ म्हणून ओरडेल. त्याचं उत्तर मी देईन. तेवढं मी देईन.

नाही आलीस तर बटण तुझंच आहे. शिबिरातल्या कुणाच्या तरी कोटाला लाव.

पत्र सासूबाईंच्या हातात देते आहे. पोस्टमन साडेदहाला येतो. त्यांनी पाकीट आत्ताच मुठीत धरलं आहे.

अजून आतच असलेली,
मुंगी